राजाने स्वतःच्या हाताने लिहावं : ताहितीचा पोमारे

आजचं वाचन : अनुवाद 17:14-20

मित्रांनो, अनुवादातला आजचा भाग आपण बहुतेक वेळा भरभर वाचून पुढे जातो. इस्राएलाला राजा हवा असेल तर तो कसा असावा, हे इथे सांगितलंय. त्याने घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोनं-रुपं साठवू नये. इथपर्यंत समजतं. पण 18व्या वचनात एक वेगळीच गोष्ट येते. राजा गादीवर बसला की त्याने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून काढायची, जवळ ठेवायची आणि आयुष्यभर वाचायची. दरबारात लेखक असतानाही त्याने बसून लिहायचं! पुढे राजांची आणि इतिहासाची पुस्तकं वाचली तर असा बसून लिहिणारा एकही राजा आपल्याला भेटत नाही. योशीयासुद्धा दुसऱ्याने वाचून दाखवलेलं ऐकतो.

हे वचन वाचलं की मला दरवेळी इस्राएलाबाहेरचा एक राजा आठवतो. पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटाचा दुसरा पोमारे. त्याने शास्त्र खरोखर हाताने लिहिलं. आणि त्याच वचनांमधल्या बाकीच्या अटी मात्र त्याला आयुष्यभर जड गेल्या. यूथ मीटिंगमध्ये त्याचं नाव आलं तर कोणी त्याला ताहितीचा कॉन्स्टंटाइन म्हणतं, कोणी दारुडा म्हणतं. आज त्याची सगळी गोष्ट सलग सांगतो.

ताहितीत तेव्हा एक चमत्कारिक रीत होती. मोठ्या सरदाराला पहिला मुलगा झाला की बापाची पदवी त्याच क्षणी मुलाकडे जायची आणि बाप फक्त कारभारी उरायचा. त्यामुळे आपला पोमारे पाळण्यात असल्यापासूनच राजा. त्याच्या बापाचं मूळ नाव तू. कॅप्टन कुकला भेटलेला तो हाच. घरातलं एक मूल रात्री खोकून खोकून गेलं, त्या दुःखात बापाने पोमारे हे नाव घेतलं. ‘पो’ म्हणजे रात्र, ‘मारे’ म्हणजे खोकला. पुढे तेच राजघराण्याचं नाव झालं. एवढ्या मोठ्या वंशाच्या नावात एका आजारी लेकराची आठवण आहे, हे मला नेहमी हलवून जातं.

तरुण राजाला जमिनीवर चालता येत नसे. पाय नव्हते म्हणून नाही. त्याचा पाय जिथे लागेल ती जमीन पवित्र होऊन त्याची व्हायची, मग बाकीच्यांनी राहायचं कुठे? म्हणून माणसांच्या खांद्यांवर बसून तो फिरायचा. 5 मार्च 1797 रोजी ‘डफ’ नावाचं जहाज मातावाईच्या खाडीत शिरलं, तेव्हा लंडनहून आलेल्या मिशनऱ्यांना तो असाच दिसला. खांद्यावर बसलेला धिप्पाड तरुण, शेजारी दुसऱ्या खांद्यांवर बसलेली त्याची बायको.

इथे थोडं थांबून आपल्याशी जोडलेला एक धागा सांगतो. कुकच्या प्रवासवर्णनांनी त्या काळच्या इंग्लंडला ताहितीचं वेड लावलं होतं. जोडे शिवणाऱ्या विल्यम कॅरीच्या मनातही आधी ताहितीच होतं. पण तो बंगालमध्ये आला, श्रीरामपूरला स्थिरावला, आणि 1805 साली त्याने मराठीचं व्याकरण छापून काढलं. 1811 मध्ये तिथूनच मराठी नवा करार निघाला. कॅरी ताहितीला गेला असता तर आपली गोष्ट कशी झाली असती कोण जाणे. ताहितीच्या वाट्याला आला हेन्री नॉट. हा पेशाने गवंडी. ‘डफ’वरून उतरलेले बरेच जण घाबरून किंवा कंटाळून सिडनीला निघून गेले. नॉट राहिला.

पहिली पंधरा वर्षं हाताला काहीच लागलं नाही. अक्षरशः काही नाही. मिशनरी भाषा शिकले, गावोगाव फिरले, लोकांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि हसून सोडून दिलं. वर जहाजांबरोबर रोग आले, बंदुका आल्या, दारू आली. डोळ्यांदेखत माणसं मरत होती. तुमच्या देवाच्या माणसांबरोबरच हे सगळं आलं, असं लोक म्हणत, तर त्यांचं अगदीच चुकत नव्हतं.

आणि पोमारे? तो त्या वेळी ओरो देवाचा कट्टर भक्त होता. ओरो हा युद्धाचा देव. नारळाच्या काथ्याने आणि पिसांनी मढवलेला लाकडाचा ठोकळा हीच त्याची मूर्ती. उघड्या आकाशाखालच्या दगडी देवस्थानात, म्हणजे मराएवर, ती असायची आणि तिच्यापुढे नरबळीही दिले जात. ओरो ज्याच्याकडे, राज्य त्याच्याकडे, असा समज. मूर्ती तेव्हा आतेहुरूच्या लोकांकडे होती. 1802 साली पोमारेने ती मागितली, ते देईनात, तेव्हा त्याच्या माणसांनी ती हिसकावून नेली. त्यावरून जे युद्ध पेटलं त्यात बेट होरपळून निघालं. एका मूर्तीच्या ताब्यासाठी! 1803 मध्ये बाप गेला आणि सगळा कारभार पोमारेच्या हातात आला.

पण या माणसात एक गोष्ट सुरुवातीपासून होती. कागदावरच्या खुणा बोलतात कशा, याचं त्याला विलक्षण कुतूहल होतं. मिशनऱ्यांच्या प्रवचनात त्याला फारसा रस नव्हता, पण त्यांच्या लिहिण्यात होता. तो त्यांच्याकडे जाऊन बसायचा, अक्षरं गिरवायचा. त्याच्या भाषेला तोपर्यंत लिपीच नव्हती. ती मिशनऱ्यांनी रोमन अक्षरांतून बसवली आणि ती शिकणाऱ्या पहिल्या ताहितीयनांपैकी एक खुद्द राजा होता. काही वर्षांत तो स्वतः पत्रं लिहू लागला. लंडनच्या मिशनरी सोसायटीला त्याने पत्र लिहिलं, त्यात मागण्यांची यादी होती. कापड पाठवा, बंदुका पाठवा, बंदुकीची दारू पाठवा, आणि लिहायला लागणारं सगळं साहित्य पाठवा.

ही यादी मला फार खरी वाटते. पुढचा सगळा पोमारे तिच्यात आहे. त्याला कागदही हवा होता आणि बंदूकही. त्याने हे लपवलं नाही, आणि आपणही त्याच्यासाठी लपवायचं कारण नाही.

1808 मध्ये बंड झालं. पोमारे हरला आणि शेजारच्या मोरेआ बेटावर पळाला. मिशनऱ्यांची घरं लुटली गेली, छपाईचं साहित्य गेलं, पुस्तकांच्या कागदाची काडतुसं झाली. बहुतेक मिशनरी सिडनीला निघून गेले. नॉट मात्र राजाजवळ थांबला. एक गवंडी आणि एक पदच्युत राजा. दोघांकडे दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मोरेआतल्या त्या वर्षांत पोमारेच्या मनात एक हिशोब सुरू झाला असावा. ज्या ओरोसाठी एवढी माणसं बळी दिली, एवढी रक्तं सांडली, त्याने काय दिलं? पराभव, आणि परक्या बेटावरचं घर. पहिली बायको तर आधीच वारली होती. तो नॉटकडून वाचत राहिला, प्रश्न विचारत राहिला. दारूही पीत राहिला.

मग एक दिवस कोणीतरी समुद्रातलं कासव आणलं. कासव म्हणजे देवाचं अन्न. ते मराएवर नेऊन, तिथल्या अग्नीवर शिजवून, देवाचा वाटा काढल्यावरच राजाने खायचं, असा नियम. पोमारेने नोकरांना सांगितलं की साध्या चुलाणात भाजा आणि घरीच वाढा. आजूबाजूचे लोक श्वास रोखून बघत होते. आता काहीतरी होणार, राजाचं पोट फुगणार, वीज पडणार. राजा जेवला. काही झालं नाही. बाकीच्यांपैकी कोणाची त्या ताटाला हात लावायची हिंमत झाली नाही.

18 जुलै 1812 रोजी त्याने मिशनऱ्यांपुढे बाप्तिस्म्याची मागणी केली. पंधरा वर्षं एकही माणूस न मिळालेल्या मिशनसाठी ही केवढी मोठी बातमी! राजा आला म्हणजे सगळं बेट आलं. लंडनला पत्र गेलं की देणग्यांचा पाऊस. पण त्यांनी त्याला थांबायला सांगितलं. आधी शिका, आधी आयुष्यात काही बदल दिसू दे. त्याचं पिणं त्यांना माहीत होतं, बाकीचं वागणंही माहीत होतं. आपल्याकडे एखादा नट किंवा नगरसेवक चर्चच्या दारात आला तर आपण काय करतो ते आठवून बघा, म्हणजे त्या चार-पाच माणसांनी काय केलं ते कळेल. पोमारे थांबला. एक-दोन महिने नाही, जवळजवळ सात वर्षं.

त्याच्यावाचून बाकीचे मात्र पुढे निघाले. ताहितीतल्या काही साध्या माणसांनी आपापलं प्रार्थना करायला सुरुवात केली होती. लोक त्यांना चिडवून ‘बुरे आतुआ’ म्हणायचे, म्हणजे देवाची प्रार्थना करणारे. चिडवायचं नाव होतं, तेच पुढे ओळख झालं. 1815 मध्ये मोरेआवर पाती नावाच्या पुजाऱ्याने आपल्या मराएवरच्या मूर्ती सर्वांदेखत जाळल्या. ताहितीतल्या जुन्या सरदारांना आता धोका दिसू लागला.

त्याच वर्षी पोमारे माणसांसह ताहितीला परतला. 12 नोव्हेंबर 1815, रविवार. आता या तारखेची एक गंमत सांगतो, कारण टाइमझोनच्या भानगडींशी माझा रोजचा संबंध. ‘डफ’ पूर्वेकडे प्रवास करत आलं होतं आणि वाटेत तारीख कोणी बदलली नाही. त्यामुळे ताहितीतला रविवार आजच्या हिशोबाने शनिवार होता, आणि तसाच कित्येक वर्षं चालला. पश्चिमेला जाणारी जहाजं तिथे थांबली की खलाशी गोंधळून जात. देवाने तो रविवार चालवून घेतला असावा असं मला वाटतं.

तर त्या रविवारी पुनाआउइया भागात किनाऱ्याजवळ उपासना सुरू होती. दगा होणार अशी कुणकुण असल्याने बरेच जण शस्त्रं घेऊनच बसले होते. गीत सुरू असताना बंदुकांचे बार ऐकू आले आणि किनाऱ्याने ओरोचे झेंडे घेतलेलं सैन्य येताना दिसलं. पापाराचा सरदार ओपुहारा त्यांचा सेनापती. शूर माणूस, आणि त्याच्या दृष्टीने तो आपल्या देवासाठीच लढत होता. उपासनेतले लोक उठून धावायला लागले. पोमारेने त्यांना खाली बसवलं. आधी प्रार्थना पूर्ण होऊ दे, असं त्याचं म्हणणं. गीत संपलं, प्रार्थना झाली, मग माणसं रांगेत उभी राहिली. राणीची बहीण तेरीईतारीआ स्वतः शस्त्र घेऊन त्या रांगेत होती, हुआहिने बेटाचा सरदार माहिने होता. तुंबळ लढाई झाली. ओपुहाराला गोळी लागली, तो पडला, आणि त्याचं सैन्य फुटलं. या लढाईला ते फेईपीची लढाई म्हणतात.

मिशनरी पुस्तकांत या विजयाची वर्णनं भरपूर आहेत. मला लढाईत फार गोडी नाही. देव बंदुकीच्या बाजूने असतो असं दाखवायला ही गोष्ट वापरली तर मी अस्वस्थ होतो. ज्यांच्याकडे जास्त बंदुका, त्यांचा विजय बऱ्याचदा होतोच. ओरोच्या नावानेही पूर्वी असे विजय झाले होते.

पण त्या दुपारी पुढे जे झालं ते बेटाने कधी पाहिलं नव्हतं. रीत अशी होती की जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या मागे डोंगरात जायचं, सापडेल त्याला मारायचं, मग त्यांच्या गावात शिरून बायका-मुलांना संपवायचं, घरं पेटवायची, झाडं तोडायची. प्रेतं तशीच टाकायची. पोमारेचे लढवय्ये त्याच्याकडे परवानगी मागायला आले, आणि त्याने पुरे म्हणून सांगितलं. पाठलाग नाही. लूट नाही. बायका-मुलांना हात लावायचा नाही. ओपुहाराचं प्रेत विटंबना न करता त्याच्या गावी पोचवलं, म्हणजे त्याच्या माणसांना ते रीतीने पुरता येईल. संध्याकाळी पुन्हा उपासना झाली.

डोंगरात लपलेले लोक रात्री चोरून खाली आले. त्यांना राख सापडायला हवी होती. घरं उभी होती. आत बायका होत्या, मुलं होती, सगळी जिवंत. हे त्यांना कळेचना. 2 राजे 6 मध्ये अलीशा अरामी सैन्याला शोमरोनात आणतो आणि इस्राएलाचा राजा त्यांना मारू का म्हणून विचारतो, तो अध्याय तुम्ही वाचला असेल. अलीशा त्यांना जेवू घालायला लावतो, आणि टोळ्या यायच्या थांबतात. ताहितीतही जवळपास तसंच झालं. काही दिवसांतच हरलेले लोक आपणहून येऊ लागले. अठरा वर्षांच्या प्रवचनांनी जे झालं नाही ते एका न झालेल्या कत्तलीने झालं. हे माझं मत आहे, पण इतिहास बघितला तर ते फार चुकीचं वाटत नाही.

पोमारेला कोणी हे शिकवून ठेवलं नव्हतं. लढाईच्या दिवशी मिशनरी मोरेआवर होते. बाप्तिस्माही त्याला मिळालेला नव्हता. मी हा प्रसंग वाचतो तेव्हा मला मोरेआतली ती वर्षं दिसतात, नॉटबरोबर बसून एकेक ओळ वाचणारा राजा दिसतो.

पुढचा भाग मिश्र आहे. त्याने तौतिराला माणसं पाठवून ओरोची मूर्ती आणवली. ज्या मूर्तीसाठी तेरा वर्षांपूर्वी त्याने युद्ध केलं, तीच आता त्याच्या स्वयंपाकघरात खांब म्हणून उभी केली. तिच्यावर अन्नाच्या टोपल्या टांगल्या आणि शेवटी तिचं जळण झालं. जुन्या पुस्तकांना हा भाग फार आवडतो. मला वाटतं, तो राग स्वतःवरचाही असावा. 1816 साली त्याने आपल्या घराण्याच्या खासगी मूर्ती मिशनऱ्यांकडे दिल्या आणि हव्या तर लंडनला पाठवा असं कळवलं. त्या खरंच लंडनला गेल्या. लंडन मिशनरी सोसायटीच्या संग्रहातल्या बऱ्याच वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ताहितीच्या माणसाला आज पूर्वजांची कारागिरी बघायला तिकीट काढून लंडनला जावं लागतं, हीसुद्धा याच गोष्टीची एक बाजू.

आता माझा आवडता भाग. 1817 मध्ये विल्यम एलिस हा तरुण मिशनरी छापखाना घेऊन आला आणि मोरेआवर आफारेआइतू इथे यंत्र उभं राहिलं. पोमारेने आधीच सांगून ठेवलं होतं की छपाई सुरू होईल तेव्हा मला बोलवा. 30 जूनला तो आला. बाहेर ही गर्दी! खिळे कसे जुळवायचे हे त्याला दाखवलं, आणि तिथे छापल्या गेलेल्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानाची अक्षरं राजाने स्वतः जुळवली. मग शाई लावली, कागद ठेवला, दांडा ओढला. कागद उचलला तर त्यावर अक्षरं! राजाने तो वर धरून लोकांना दाखवला आणि बाहेर एकच आरोळी उठली.

त्यानंतर तो छापखान्यात पुन्हा पुन्हा येऊ लागला. एकदा त्याने विचारलं की एका पुस्तकाला किती अक्षरं लागतात. मोजून बघितलं तर अंकलिपीच्या सोळा पानांत नुसते ‘आ’ पाच हजारांच्या वर निघाले. ताहिती भाषा ही सगळी स्वरांची. त्याला याचं एवढं आश्चर्य वाटलं! लॉग फाइलमध्ये एखादा शब्द किती वेळा आला ते मोजणारी आपली जमात आहे ना, त्यातलाच हा राजा.

1818 मध्ये लूकचं शुभवर्तमान छापून झालं. तीन हजार प्रती. भाषांतर नॉटचं, पण त्यात राजाची मोठी मदत होती. कोणता शब्द राजघराण्यात कसा वापरतात, कोणत्या शब्दाला हलका वास आहे, हे गवंड्याला कोण सांगणार? पोमारे सांगायचा. आणि हस्तलिखिताच्या नकला तो स्वतः करायचा. टेबल-खुर्चीवर नाही. चटईवर पालथं पडायचं, छातीखाली उशी घ्यायची, समोर कागद, आणि तासन्‌तास लिहायचं. एवढा अवाढव्य देह, आणि लिहायचं ते सुबक. लूकच्या 15व्या अध्यायातला धाकटा मुलगा दूरदेशी जाऊन सगळं उडवतो, ती गोष्ट या माणसाच्या हाताखालून शब्द शब्द करत गेली आहे.

पुस्तकासाठी लोक होड्या घेऊन शेजारच्या बेटांवरून यायचे आणि किनाऱ्यावर तळ ठोकून बसायचे. पैसे नव्हते, तर बांबूच्या नळकांड्यांत खोबरेल भरून आणायचे. पुठ्ठ्यावर लावायला चामडं पुरेना, तेव्हा बेटावरच्या कुत्र्या-मांजरांवर संक्रांत आली. प्रत हातात पडली की कित्येक जण तिथेच झाडाखाली बसून वाचायला लागायचे. आपल्या फोनमध्ये बायबलची चार-चार ॲप्स असतात, तेव्हा ही दृश्यं वाचून मन थोडं खट्टू होतं.

आणि मग पापाओआचं चर्च. पोमारेने ते बांधायला काढलं तेव्हा मिशनऱ्यांनाच ते फार मोठं वाटलं. त्यावर त्याने शलमोनाचं उदाहरण दिलं. शलमोन चांगला राजा होता की नाही, त्याने देवासाठी सगळ्यांत मोठं घर बांधलं की नाही? आता याला काय उत्तर द्यायचं! लांबी 712 फूट, रुंदी 54 फूट. आपल्या लोकलचे दहा डबे एकापुढे एक लावले तर साधारण तेवढं होईल. 29 दारं, 133 खिडक्या, आणि तीन व्यासपीठं, कारण एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचणं शक्यच नव्हतं. तीन उपदेशक एकाच वेळी तीन ठिकाणी बोलायचे. मधून एक ओढा वाहत होता, तो वळवता येईना म्हणून तसाच आत ठेवला. आजच्या वाचनातल्या राजाविषयीच्या सूचना शलमोनाकडे बघूनच दिल्यासारख्या वाटतात, हे पोमारेला तेव्हा कोणी सांगितलं नसावं. अनुवादाचं ताहिती भाषांतर अजून व्हायचं होतं.

मे 1819 मध्ये या चर्चचं उद्घाटन झालं, पाच हजारांहून जास्त लोक आले. त्याच सभेत त्याने देशाचा पहिला लेखी कायदा वाचून दाखवला. खून, चोरी, रविवार मोडणं, सगळ्याला शिक्षा ठरली. लहरी राजाच्या जागी लिहिलेला नियम आला, हे मोठंच पाऊल. पण प्रार्थनेला जबरदस्तीची किनार लागली ती इथूनच. वर्षभर आधी मिशनला मदत म्हणून त्याने खोबरेल गोळा करणारी सोसायटीही काढली होती. नावाला ती ऐच्छिक, पण राजाने मागितलेलं तेल नाही म्हणायची सोय कोणाला होती? डुकराच्या मांसाचा सिडनीबरोबरचा व्यापार तर त्याने आपल्याच हातात ठेवला होता. सोनं-रुपं साठवू नये, ही अट इथे सरळ मोडलेली दिसते.

16 मे 1819, रविवार. मागणी केल्यानंतर जवळजवळ सात वर्षांनी पोमारेचा बाप्तिस्मा झाला. पिणं सुटलं होतं का? नाही. मिशनऱ्यांना हे माहीत होतं आणि त्यांच्यात यावरून ओढाताण होती. आणखी किती थांबवायचं, आणि थांबवलं नाही तर बाप्तिस्म्याला अर्थ काय, असे दोन्ही प्रश्न. मला विचाराल तर 1812 चा नकार बरोबर होता आणि 1819 चा होकारही. दोन्ही एकत्र कसं, हे मला नीट मांडता येत नाही, पण ज्यांच्या घरात व्यसन आहे त्यांना ते सांगावं लागणार नाही.

पुढच्याच वर्षी, जुलै 1820 मध्ये, रशियाचा दर्यावर्दी बेलिंग्सहाउझेन दोन जहाजं घेऊन आला. पोमारे त्याला आपल्या खोलीत घेऊन गेला, दार लावून घेतलं, घड्याळ दाखवलं, होकायंत्र दाखवलं. मग हळूच कागद आणि दौत पुढे केली आणि विनंती केली की चिठ्ठी आणणाऱ्याला एक बाटली रम द्यावी, असं यावर लिहून द्या. रशियन कप्तानाने एकीच्या तीन बाटल्या केल्या आणि वर वाइनच्या सहा लिहिल्या. तेवढ्यात नॉट आत आला. राजा गडबडला आणि त्याने कागद, दौत, सगळं लपवायला सुरुवात केली.

मित्रांनो, हा प्रसंग मी कित्येकदा वाचला आहे. अख्ख्या बेटाचा मालक, ते फेईपीचा विजेता, आणि एका गवंड्याला बघून चिठ्ठी लपवतोय. लोक हे हसण्यासाठी सांगतात. मला नॉटविषयी वाटत राहतं. एवढी वर्षं तो या माणसाजवळ राहिला होता. त्याला काही दिसलं नसेल असं शक्यच नाही. आणि पोमारेविषयी वाटतं की त्याला निदान लपवावंसं वाटत होतं. रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात पौल जे मांडतो, ते पोमारेच्या आयुष्यात त्या लाकडी दाराच्या आत चाललं होतं, आणि ते मांडायला त्याच्याजवळ जे साधन होतं, म्हणजे कागद आणि दौत, तेच त्याने बाटलीसाठी वापरलं.

शरीर आता साथ देत नव्हतं. अंगावर सूज चढत गेली. 7 डिसेंबर 1821 रोजी पोमारे गेला. मागे दीड वर्षाचा मुलगा राहिला. 1824 मध्ये त्या चिमुरड्याला मिशनऱ्यांनी मुकुट घातला, आणि तीन वर्षांनी तोही वारला. मग त्याची बहीण आयमाता गादीवर आली, पोमारे चौथी म्हणून. तिच्या काळात फ्रेंच आले, पण ती वेगळीच गोष्ट आहे. 712 फुटांचं चर्च काही वर्षांतच ओस पडलं आणि मोडलं. लाकडाचं आणि पानांचं ते, तिथल्या पावसात किती टिकणार.

नॉट भाषांतर करत राहिला. शब्द विचारायला आता राजा नव्हता, दुसऱ्यांना विचारावं लागायचं. डिसेंबर 1835 मध्ये संपूर्ण बायबल ताहितीत उतरलं, आजचा अनुवादाचा 17वा अध्यायसुद्धा. ते हस्तलिखित घेऊन तो इंग्लंडला गेला, 1838 मध्ये ते छापून झालं, आणि त्याची एक प्रत त्याने तरुण व्हिक्टोरिया राणीला दिली. बाकीच्या प्रती घेऊन तो ताहितीला परतला आणि 1844 मध्ये तिथेच वारला. त्या बायबलातलं लूकचं शुभवर्तमान ज्या कामावर उभं आहे, त्याच्या हस्तलिखितावर पोमारेचा हात फिरलेला आहे.

उद्याचं वाचन : अनुवाद 18:1-14